बाळाच्या वाटीत काय घालायचं, हे संशोधकांना कळतं तरी कसं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतून एक बातमी आली. तिथल्या तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ४० टक्क्यांहून जास्त घटली. कारण काय, तर २०१७ पासून तिथले तज्ज्ञ बाळांना शेंगदाणा लवकर द्यायला सांगू लागले. गंमत अशी की २००० साली तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेमकं उलट सांगितलं होतं. घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर मूल तीन वर्षांचं होईपर्यंत त्याला शेंगदाणा देऊच नका, असा तो सल्ला होता.

आपल्या सातारा-सांगलीकडे भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत दाण्याचं कूट असतंच. इथे अशी बातमी वाचली की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, “हे डॉक्टर लोक रोज नवंच सांगत्यात.” दुसरं आजीचं, “मग आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?” आणि सहा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई या दोन्हींच्या मधे अडकते. डॉक्टर एक सांगतात, सासूबाई दुसरं, मोबाइलवर तिसरंच.

मला वाटतं, यातून तिला सोडवायचं तर कोण सांगतंय यापेक्षा ते कशावरून सांगतंय हे विचारायची सवय लागली पाहिजे. बाळाच्या खाण्याबद्दलचे सगळे सल्ले सारख्या ताकदीचे नसतात. काहींमागे हजारो मुलांवरचा काटेकोर अभ्यास असतो, तर काहींमागे नुसता अंदाज.

आधीचा सल्ला कुठे चुकला?

२००० सालचा सल्ला अंदाजावरचा होता. शेंगदाण्याने अ‍ॅलर्जी होते, तेव्हा तो लांब ठेवला की अ‍ॅलर्जी टळेल, असा सरळ तर्क. ऐकायला बरोबर वाटतो. पण लांब ठेवून खरंच फायदा होतो का, हे कुणी तपासलेलंच नव्हतं. पुरावा मिळेना, म्हणून २००८ साली तो सल्ला मागे घेतला गेला.

त्याच वर्षी एक विचित्र निरीक्षण छापून आलं. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या जवळजवळ दहापट होती. वंश मिळताजुळता, पण खाणं वेगळं. इस्रायलमध्ये बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरकुरीत, तोंडात विरघळणारे तुकडे देतात. ब्रिटनमध्ये मात्र त्या वयात शेंगदाणा देतच नव्हते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले डॉ. गिडियन लॅक आणि त्यांचे सहकारी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली, आणि तीही जास्त धोक्याची, म्हणजे ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती अशी. निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला आणि निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. २०१५ साली निकाल आला. टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली होती, खाणाऱ्यांपैकी फक्त ३.२ टक्के मुलांना.

आता घरातला प्रश्न, कूट द्यायचं का? सहा महिने झाले, मऊ भात किंवा खिमटी नीट गिळता येऊ लागली, की बारीक वाटलेलं कूट त्यात मिसळून थोडं थोडं देता येतं. लंडनच्या चाचणीत आठवड्याला सुमारे ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन देत होते. म्हणजे साधारण २४ ग्रॅम दाणे, तेही तीन किंवा अधिक वेळांत वाटून. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. बुरशी लागलेले, कडवट दाणे बाजूला काढा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा देताना दिवसाउजेडी द्या. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, उलट्या सुरू झाल्या किंवा धाप लागली, तर थेट दवाखाना गाठा.

चिठ्ठ्या कशासाठी टाकायच्या?

माणसांवर, त्यांच्या संमतीने, आधी ठरवलेल्या नियमांनी केलेल्या अशा चाचणीला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. पुढे नुसतं ‘चाचणी’ म्हणेन. तिचा गाभा एकच: कोणतं मूल कोणत्या गटात जाणार, हे आईबाप ठरवत नाहीत, डॉक्टरही नाहीत. जणू चिठ्ठी टाकून ते ठरतं.

फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे प्लॉट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच समजेल. नवं वाण चांगलं की जुनं, हे बघायचं असेल तर नवं वाण नदीकाठच्या काळ्या रानात आणि जुनं माळावर लावून चालत नाही. लावलं, तर उतारा वाणामुळे वाढला की जमिनीमुळे, हे कसं कळणार? म्हणून एकाच रानाचे तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात कोणतं वाण हे चिठ्ठीने ठरवायचं, आणि पाणी-खत सगळ्यांना सारखं. मुलांच्या चाचणीतही तेच असतं. ही पद्धत खरोखर शेतातूनच दवाखान्यात आली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ती बसवली आणि १९४८ साली क्षयाच्या औषधाची गाजलेली चाचणी या मार्गाने झाली.

नुसतं बघून का भागत नाही? समजा, रोज अंडं खाणारी मुलं उंच दिसली. ती अंड्यामुळे उंच झाली, की ज्या घरात रोज अंडं परवडतं तिथे स्वच्छ पाणी, संडास, शिकलेली आई आणि जवळचा दवाखानाही असतो म्हणून? चिठ्ठी टाकली की अशी सगळी घरं दोन्ही गटांत जवळपास सारखी विखुरतात. मग जो फरक उरतो, तो अन्नाचा असण्याची शक्यता फार मोठी असते.

“पण लेकरांवर प्रयोग?”

हा आक्षेप रास्त आहे आणि तो घेतलाच पाहिजे. नियम असे आहेत: दोन पर्यायांपैकी कोणता बरा हे खरंच माहीत नसेल तरच चाचणी करता येते. नीतिसमितीची परवानगी लागते. आईवडिलांना समजेल अशा भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी लागते, आणि कारण न देता मधेच बाहेर पडता येतं. भारतात २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी तिची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. उद्या कराडच्या किंवा मिरजेच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात तुम्हाला बाळासाठी विचारणा झाली, तर घाबरून नाही म्हणू नका आणि भीडेने हो पण म्हणू नका. नोंदणी क्रमांक मागा, कागद घरी नेऊन वाचा.

काही गोष्टी मात्र चिठ्ठीवर ठेवताच येत नाहीत. “तू बाळाला अंगावर पाजू नकोस,” असं कुठल्या आईला सांगणार? बेलारूसमध्ये मायकेल क्रेमर यांच्या गटाने यावर फार सुंदर वाट काढली. त्यांनी चिठ्ठी आयांसाठी नाही, तर ३१ प्रसूती रुग्णालयांसाठी टाकली. काही रुग्णालयांत स्तनपानाला मदत करण्याचं खास प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांत नेहमीचं चालू ठेवलं. आयांना मोकळीक होतीच. १७,०४६ बाळं पहिल्या वर्षभर पाहिली. मदत मिळालेल्या ठिकाणी तीन महिन्यांना ४३ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती, दुसरीकडे ६ टक्के. जुलाबाचा त्रास पहिल्या गटात ९.१ टक्के बाळांना झाला, दुसऱ्यात १३.२ टक्के बाळांना.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा आग्रह अशाच पुराव्यांतून आला आहे. बाळगुटीचं उगाळण आणि मधाचं बोट या काळात नकोच. मध तर वर्षापर्यंत नको, कारण त्यात असू शकणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंनी लहान बाळाला लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो.

उसाच्या पट्ट्यात साखरेविषयी

हे लिहिताना मला जड जातं. इथल्या कितीतरी मुलांची फी ऊसबिलातून भरली जाते. तरीही लिहायला हवं, कारण पुरावा बळकट होत चालला आहे.

एप्रिल २०२४ मध्ये बाळांच्या तयार पिठात साखर मिसळली जाते, यावरून देशभर चर्चा झाली. पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या मार्गदर्शिकेने दोन वर्षांखालच्या बाळांना वरून साखर घालूच नये, असं सांगितलं. पण बाळाला साखर देऊन पन्नास वर्षं वाट बघणारी चाचणी कोण करणार? तशी ती करता येतच नाही. इतिहासाने मात्र ती एकदा करून ठेवली होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये ते बंधन उठलं आणि माणशी साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. इतर पदार्थांच्या खपात तेवढी उडी दिसली नाही. म्हणजे थोड्या महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या मुलांपैकी काहींचे पहिले हजार दिवस, पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतचे, कमी साखरेत गेले आणि काहींचे जास्त साखरेत. २०२४ मध्ये संशोधकांनी ही माणसं साठीच्या आसपास कशी आहेत ते पाहिलं. ज्यांची सुरुवात रेशनच्या काळात झाली, त्यांच्यात टाइप दोनच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ही चिठ्ठी टाकलेली चाचणी नव्हे, म्हणून तिला तेवढंच वजन द्यायचं. पण जवळपास एकाच काळात जन्मलेल्या माणसांमधला एवढा फरक झटकून टाकता येत नाही.

“साखर नाही, आम्ही गूळ घालतो,” हे सांगलीच्या गूळ बाजाराच्या आसपास हमखास ऐकायला मिळतं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं. पण तो मुख्यतः साखरच आहे, आणि बाळाची जीभ गोडाला सरावते ती दोन्हींनी सारखीच. उष्टावणाच्या दिवशी मामाने चमचाभर खीर चाटवली तर काही बिघडत नाही, बिघडतं ते रोजच्या गोड खिरीने. नाचणीचं सत्त्व साखरेशिवाय शिजवा, हवं तर कुस्करलेलं केळं घाला. ज्याने साखर चाखलीच नाही, ते बाळ तक्रार करत नाही.

“पातळच पचतं की बाळाला”

माझ्या मते आपल्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, साखरेपेक्षाही जास्त.

हिशेब बघा. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे साडेसात किलोच्या बाळाला सव्वादोनशे. त्या जागेत वरणाचं पाणी ओतलं तर पोट भरतं आणि रडणं थांबतं. डाळ मात्र पातेल्याच्या तळाशी राहते आणि बाळ उपाशीच राहतं. आई समाधानी, कारण वाटी रिकामी झाली. यात तिचा दोष नाही. तिला कुणी हे सांगितलेलंच नसतं.

अन्न इतकं घट्ट हवं की चमचा तिरका केला तरी घळघळ सांडू नये. वरणाच्या पाण्याऐवजी डाळच कुस्करा. मऊ खिचडीत चमचाभर तूप किंवा तेल सोडा. ज्वारीची भाकरी दुधात किंवा घट्ट आमटीत कुस्करून द्या. कोरेगावचा वाघ्या घेवडा मऊ शिजवून, सालीसकट चुरून देता येतो. खाणाऱ्या घरात नीट शिजवलेलं अंडं सहा महिन्यांनंतर चालतं. न खाणाऱ्या घरात डाळी आणि दही रोज हवं. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू केलं तरी आईचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवायचं.

सांगून खरंच फरक पडतो का, हेही तपासलेलं आहे, आणि तेही आपल्यासारख्याच खेड्यांत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या ६० गावांमध्ये सुमारे ६०० माय-लेकरांची चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. काही गावांत नेहमीची अंगणवाडीची सेवा होती. काही गावांत त्याशिवाय घरी जाऊन काय आणि किती भरवायचं ते शिकवलं. उरलेल्या गावांत याच्याही पुढे जाऊन बाळाची भूक ओळखणं, भरवताना त्याच्याशी बोलणं, खेळणं हे शिकवलं. शिकवलेल्या दोन्ही गटांत बाळांच्या पोटात जास्त कॅलरी, प्रथिनं, लोह गेलं. फक्त आहार शिकवलेल्या गटात वयाच्या मानाने उंची खुंटलेली बाळं कमी होती. आणि बोलणं-खेळणं शिकवलेल्या गटातल्या बाळांची बौद्धिक वाढ सरस होती. नवं औषध नाही, महाग पावडर नाही. गावातल्याच बायका घरोघरी जाऊन सांगत होत्या. आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या हातात केवढी ताकद आहे, हे यावरून समजावं. त्यांना रजिस्टरं भरण्यातून तेवढा वेळ मिळाला पाहिजे.

“मागे लागल्याशिवाय खातच नाही”

ताट घेऊन अंगणभर मागे धावणं, हात धरून घास कोंबणं, नाहीतर मोबाइल लावणं. यातलं कोंबणं उलटं पडतं, हे मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक लीअ‍ॅन बर्च यांच्या गटाने दाखवलं. २००६ च्या त्यांच्या एका लहानशा चाचणीत ज्या मुलांना “सूप संपव” म्हणून मागे लागले, त्या मुलांनी ते कमी प्यायलं आणि त्याबद्दल कुरकुरही जास्त केली. मागे न लागलेल्या मुलांनी तेच सूप जास्त प्यायलं.

चवीचं त्यांचं दुसरं काम १९८२ चं. नवा पदार्थ जितक्या वेळा चाखायला मिळेल तितका तो आवडू लागतो. पुढच्या अभ्यासांत आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखल्यावर मूल रुळतं असं दिसलं. आपण दोन-तीनदा देऊन “याला पालक आवडत नाही” असा शिक्का मारतो. आणि सातव्या महिन्यात मारलेला तो शिक्का मूल पाचवीत गेलं तरी पुसला जात नाही.

मग मुलाला हवं ते, हवं तेवढं खाऊ द्यायचं का? क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९२६ पासून नेमकं हेच पाहिलं. १५ बाळांपुढे साध्या, ताज्या अन्नाचे तीसएक प्रकार ठेवले, निवड बाळांची. कुणी कधी अंड्यांवरच ताव मारी, कुणी फळांवर, पण सगळी चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाला माशाचं तेल ठेवलं होतं, ते त्याने हवं तेवढं घेतलं आणि ते बरं झालं. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही. पण त्यातली खरी मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितली: त्या ताटांत साखर आणि गिरणीतलं पांढरं पीठ नव्हतंच. काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं आणि किती खायचं ते बाळाने. वाटीशेजारी बिस्किटाचा पुडा असेल तर ही वाटणी टिकत नाही.

“आमची मुलं वाढलीच की”

हो, वाढली. पण जी वाढली नाहीत, ती हे सांगायला उरलेली नाहीत, आणि आजीच्या पिढीतल्या किती घरांत एक-दोन पाळणे रिकामे झाले, हे आजीलाच विचारा. ती विसरलेली नसते.

शिवाय ‘वाढलं’ म्हणजे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती आणि ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळत होता तो फक्त ११ टक्क्यांना. आणि नुसतं गुटगुटीत असणंही पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपल्या खेड्यातली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मतात, इंग्लंडची साडेतीन किलोची. तरी आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त असते. मधुमेहाची पायाभरणी इतक्या लवकर होत असेल, तर वजनकाट्यावरच्या आकड्यावर खूश होऊन चालणार नाही.

तिकडचं इकडे लागू पडतं का?

दर वेळी नाही. लंडनची बाळं इसबवाली होती. आपल्याकडे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तेवढी दिसत नाही. तेव्हा त्या चाचणीतून आपण एवढंच घ्यावं की दाण्याचं कूट उगीच लांबणीवर टाकायचं कारण नाही.

ठिकाण बदललं की निकाल कसा फिरतो, याचं सगळ्यात गंभीर उदाहरण लोहाचं. पूर्व आफ्रिकेत, हिवतापाने पछाडलेल्या झांझिबारच्या पेंबा बेटावर हजारो लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. फायदा होईल अशी खात्री होती. पण ती मुलं जास्त आजारी पडू लागली, मृत्यूही वाढले, म्हणून लोहाचे गट मधेच थांबवावे लागले. २००६ मध्ये हे सगळं छापून आलं. त्याच चाचणीत ज्या मुलांना मुळात लोहाची कमतरता होती आणि ज्यांची नीट तपासणी-उपचार होत होते, त्यांना मात्र फायदाच झाला.

माण, खटाव, जत, आटपाडीत पेंबासारखा हिवताप नाही आणि रक्त कमी असलेली मुलं भरपूर आहेत. म्हणून सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, आपल्या मुलांना द्यायला हवं. शौच काळसर झाली म्हणून बंद करू नका, ते लोहामुळेच होतं. ताप किंवा मोठं आजारपण असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं आशाताईंना विचारून थांबा. आणि सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट किंवा खारी बाळाला भरवत असाल, तर ते आधी थांबवा, कारण चहातल्या तुरट घटकांमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्याने तेच लोह जास्त शोषलं जातं.